बाळाच्या हालचाली आणि आपले घर



आपल्या समाजात नातवंडांना सांभाळण्याचे काम पुष्कळ घरी आजी-आजोबांकडे आहे. आईबाप सकाळी कामाला जातात आणि मूल पाळणाघरातून आले की संध्याकाळपर्यंत आपल्या मांडीवर असते. त्यामुळे बाळ केव्हा पालथे पडले, केव्हा बसले, केव्हा धरून उभे राहिले, हे पुष्कळदा प्रथम आपल्यालाच दिसते. आणि एखादी गोष्ट वेळेवर झाली नाही, तर तेही प्रथम आपल्यालाच दिसते. अशा वेळी आपल्या तोंडी एक ठरलेले वाक्य येते, "याचा बापही उशिराच चालला होता. चालेल हळूहळू." हे वाक्य बहुतेक वेळा खरे ठरते. पण ज्या घरी ते खोटे ठरते, त्या घरच्या मुलाचे फार मोलाचे महिने फुकट गेलेले असतात.

म्हणून या पाठात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत : मुलाची हालचाल कोणत्या क्रमाने येते, ती येत नसेल तर केव्हा दाखवावे, आणि फिजिओथेरपी सुरू झाली म्हणजे घरच्यांनी काय करावे. आम्ही डॉक्टर नाही, आमचे आयुष्य शाळेत गेले. तेव्हा हा विषय आम्ही शिक्षकाच्या नजरेनेच मांडू.

क्रम आणि मुदत

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे हातपाय हलतात, पण ते त्याच्या ताब्यात नसतात. प्रथम मान ताब्यात येते, मग पाठ, मग कंबर आणि शेवटी पाय. हाताचेही तसेच. आधी खांदा सावरतो, मग कोपर, आणि बोटांच्या चिमटीत शेंगदाण्याएवढी वस्तू धरण्याची कला सर्वांत शेवटी येते.

कोणती गोष्ट केव्हा यावी, याविषयी प्रत्येक आजीचा वेगळा हिशेब असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यातील आकडे वाचकांनी कापून ठेवण्यासारखे आहेत :

आधाराशिवाय बसणे : ३.८ ते ९.२ महिने
धरून उभे राहणे : ४.८ ते ११.४ महिने
हात व गुडघे टेकून रांगणे : ५.२ ते १३.५ महिने
धरून चालणे : ५.९ ते १३.७ महिने
आधाराशिवाय उभे राहणे : ६.९ ते १६.९ महिने
आधाराशिवाय चालणे : ८.२ ते १७.६ महिने

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की मुदत फार मोठी आहे. शेजारणीचा नातू दहाव्या महिन्यात चालला आणि आपला पंधराव्या महिन्यातही धरूनच चालतो, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. याच पाहणीत सुमारे ४ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तीही निरोगीच होती. दुसरी गोष्ट अशी की मुदत मोठी असली तरी तिला शेवट आहे. दीड वर्ष झाले आणि मूल एकटे चालत नाही, तर मग बापाचे उदाहरण देत बसू नये. डॉक्टरला दाखवावे.

मूल दिवसांआधी जन्मले असेल तर हिशेब जन्मतारखेपासून धरू नये, बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिच्यापासून धरावा. दोन महिने आधी आलेले बाळ दहा महिन्यांचे झाले म्हणजे हालचालीच्या दृष्टीने ते आठ महिन्यांचे समजावे. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशेब चालतो.

मूल शिकते कसे

वर्गात आम्ही एक गोष्ट पुन:पुन्हा पाहिली. मुलाचा हात धरून पाटीवर कितीही वेळा अक्षर गिरवले, तरी मुलाने स्वत: वेडेवाकडे काढल्याशिवाय ते त्याचे होत नाही. हालचालीलाही हाच नियम लागू आहे. एमी पिकलर (१९०२–१९८४) या हंगेरीतील ज्यू बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ पासून बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावरील अनाथ बालकांच्या गृहाचे काम पाहिले. तेथे मुलाला जी स्थिती स्वत: घेता येत नाही, त्या स्थितीत मोठ्यांनी त्याला ठेवायचे नाही असा शिरस्ता होता. न बसणाऱ्याला उशा लावून बसवायचे नाही, न चालणाऱ्याला दोन्ही हात वर धरून चालवायचे नाही. मोकळी जमीन, सैल कपडे आणि हाताच्या टप्प्यात दोन-चार वस्तू, एवढ्यावर ती मुले वळली, रांगली, उठली आणि चालली.

आता आपल्या जुन्या पद्धतींकडे पाहू. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, तेव्हा तेलाची निंदा आमच्या हातून होणार नाही. हलक्या हाताने तेल चोळणे चांगलेच. त्यात बाळाला स्पर्श मिळतो, आणि चोळणाऱ्या हाताला बाळाचा एक पाय दुसऱ्याहून ताठ लागला तर तेही कळते. मात्र हातपाय ओढणे, सांधे मोडणे, बाळाला उलटे टांगणे आणि नाकाकानांत तेल सोडणे हे प्रकार बंद करावेत. नाकातले तेल फुप्फुसात उतरून बाळ आजारी पडू शकते.

आपल्या आया पाय लांब पसरून, त्यांवर बाळाला पालथे घालून आंघोळ घालीत. त्यात एक मोठा फायदा होता. पालथे पडलेले बाळ मान उचलते, हातांवर भार घेते, आणि त्यातून मान, खांदे व पाठ बळकट होतात. १९९० नंतर अनेक देशांतील डॉक्टरांनी बाळाला उताणेच निजवावे असे सांगितले. पाळण्यात अचानक होणारे मृत्यू त्याने पुष्कळ कमी झाले, म्हणून तो सल्ला काटेकोरपणे पाळावा. पण झाले असे की, रात्री उताणे, दिवसा गाडीत उताणे, मोटारीच्या खुर्चीत उताणे, आणि आंघोळ प्लॅस्टिकच्या टबात. पालथे पडणे राहूनच गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, जे बाळ अजून सरकत नाही, त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथे ठेवावे, आणि कोणत्याही मुलाला गाडीत किंवा खुर्चीत सलग एका तासाहून जास्त बांधून ठेवू नये. पालथे ठेवले असता जवळ बसावे, एकटे सोडू नये. बाळ रडले तर दोन मिनिटांनी उचलावे आणि थोड्या वेळाने पुन्हा ठेवावे. आपल्या छातीवर पालथे घेतले तरी चालते.

चाके लावलेल्या आणि मध्ये बसायची झोळी असलेल्या वॉकरविषयी स्पष्टच सांगतो : तो विकत घेऊ नये. त्यात मूल लोंबकळत बोटांनी जमीन ढकलते, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय जिन्यावरून पडून डोके फुटण्याचे प्रकार इतके झाले, की कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा. त्यात मूल स्वत: उभे राहते, स्वत:चा भार स्वत:च्या पायांवर घेते आणि गाडा पुढे ढकलते. धरून उभे राहणाऱ्या मुलाला तो द्यावा, पण आपण मागे असावे.

केव्हा दाखवावे

खालील खुणांपैकी एक जरी दिसली तरी टिपत हलावच्या परिचारिकेला किंवा मुलांच्या डॉक्टरला सांगावे, पुढल्या तारखेची वाट पाहू नये.

१. चार महिने पुरे झाले तरी मान धरत नाही.
२. अंग फार ढिले, कपड्याच्या घडीसारखे लागते, किंवा उलट पाय इतके ताठ की लंगोट बदलताना फाकत नाहीत.
३. एक वर्षाच्या आतच मूल एकाच हाताने सर्व घेते आणि दुसरी मूठ मिटून ठेवते. "डावखुरा होणार," म्हणून आपण कौतुक करतो, पण इतक्या लहानपणी एकच हात वापरणे हे दुसऱ्या हाताच्या दुबळेपणाचे चिन्ह असू शकते.
४. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
५. दीड वर्ष झाले तरी एकटे चालत नाही, किंवा चालू लागले पण नेहमी चवड्यांवरच चालते.
६. जे येत होते ते जाऊ लागले. बसणारे मूल बसेनासे झाले, धरणारा हात धरेनासा झाला. ही खूण सर्वांत गंभीर. यात एक दिवसही दवडू नये.

प्रत्येक उशिराचे औषध व्यायाम नव्हे, हेही समजून घ्यावे. कधी रक्त कमी असते, कधी ऐकू येत नसते, कधी हाडेच मऊ असतात. या शेवटच्या रोगाला आपण मुडदूस म्हणतो, आणि तो व्हिटॅमिन डी कमी पडल्याने होतो. उन्हाच्या देशात तो नसेल असे वाटते, पण सौदी अरेबियात तो डॉक्टरांना अनेक वर्षे आढळत आला आहे. तेथे बुरैदासारख्या वाळवंटातल्या शहरात उन्हाला तोटा नाही, तरी ऊन असते रस्त्यावर आणि मूल असते बंद घरात; आई अंगभर कपड्यांत वावरते, म्हणून तिच्या दुधातही ते जीवनसत्त्व थोडेच उतरते. इस्राएलात पहिल्या वर्षी रोज द्यायचे थेंब टिपत हलावमध्ये सांगतात. "आमच्याकडे ऊन काय कमी आहे?" असे म्हणून ते थेंब सोडू नयेत. मुडदूस झालेल्या मुलाला चालण्याची घाई केली तर पाय अधिकच वाकतात. आधी औषध, मग व्यायाम.

फिजिओथेरपी मुंबईत कशी आली

आपल्यातील वडील माणसांना मुंबईतील पोलिओचे दिवस आठवत असतील. बालपक्षाघात झाला म्हणजे मूल घरात बसवून ठेवायचे, हीच रीत होती. १९४७ साली फातेमा इस्माईल या बाईंनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारांचे काम सुरू केले. त्यांच्या स्वत:च्या लहान मुलीला पोलिओ झाला होता. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली आणि हाजी अली येथे मुलांचे इस्पितळ झाले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच परळच्या के. ई. एम. इस्पितळात फिजिओथेरपी शिकवणारी भारतातील पहिली शाळा निघाली, आणि १९५५ साली हाजी अलीलाच अखिल भारतीय पुनर्वसन संस्था सुरू झाली. आज भारतात गावोगावी जे फिजिओथेरपिस्ट दिसतात, त्यांच्या विद्येचे मूळ या परळ–हाजी अलीच्या पट्ट्यात आहे.

नैसर्गिक विषाणूने होणाऱ्या पोलिओचा शेवटचा रोगी भारतात जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हे लसीमुळे झाले. परंतु २०२२ साली जेरुसलेममध्ये लस न घेतलेल्या एका मुलाला पोलिओ झाला, हे आपण विसरू नये. लसीची तारीख चुकवणे म्हणजे मुलाच्या पायांशी जुगार खेळणे आहे.

पोलिओ कमी झाल्यावर लोकांचे लक्ष दुसऱ्या दुखण्याकडे गेले. त्याचे नाव सेरेब्रल पाल्सी. गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते आणि हालचालीवरचा ताबा बिघडतो. मेंदूची इजा वाढत नाही, पण स्नायू आखडत जातात, म्हणून लवकर उपचार लागतो. यात बुद्धी पुष्कळदा शाबूत असते, आणि लोकांना तेच कळत नाही. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी चिब हिला हे दुखणे होते. मुलीला योग्य शाळा मिळेना, म्हणून त्यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापली आणि पुढल्या वर्षी कुलाब्याला थोड्या मुलांची शाळा सुरू केली. तेथे व्यायाम, बोलणे आणि अभ्यास एकाच छपराखाली होत. मालिनी पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली, लंडनला जाऊन तिने दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टंकन करून आपले आत्मचरित्र लिहिले. तिचे पाय चालू लागले नाहीत. तरीही उपचार वाया गेला असे कोण म्हणेल? बसता येणे, मान सावरणे, एक बोट ताब्यात असणे, एवढ्यावर तिने आपले आयुष्य उभे केले. फिजिओथेरपीपाशी केवळ "चालेल का?" हा एकच प्रश्न घेऊन जाऊ नये. "स्वत:च्या हाताने खाईल का, खुर्चीवर नीट बसेल का, शाळेत जाईल का?" हेही विचारावे.

आठवड्याचे १६८ तास

या क्षेत्रात आपल्या लोकांचाही हात आहे. बर्टा बोबाथ ही बर्लिनची व्यायामशिक्षिका, आणि तिचे पती कारेल हे डॉक्टर. हे ज्यू दांपत्य हिटलरच्या काळात लंडनला आले आणि १९४० नंतरच्या वर्षांत त्यांनी अशा मुलांच्या उपचाराची एक पद्धत बसवली. ती जगभर शिकवली गेली. तीत उपचार करणारा आपल्या हातांनी मुलाच्या शरीराला वळण देत असे. अलीकडील अभ्यासांनी या विद्येत एक बदल केला आहे. दुसऱ्याने मुलाचे हातपाय हलवून थोडाच लाभ होतो. मुलाने स्वत: काहीतरी मिळवण्यासाठी केलेली हालचाल, ती पुष्कळ वेळा आणि रोजच्या जागी केलेली, हीच उपयोगी पडते. म्हणजे पाटीवरच्या अक्षराचीच गोष्ट.

आता हिशेब करा. आठवड्याचे १६८ तास असतात. बालविकास केंद्रात फिजिओथेरपिस्ट मुलाला फार तर आठवड्याला एखादा तास देणार. उरलेले तास मूल घरी आणि गानमध्ये असते. तेव्हा खरा उपचार कोणाच्या हाती आहे, हे निराळे सांगायला नको. घरी व्यायामाचा वेगळा तास लावण्याची गरज नाही, रोजच्या कामात तो घालावा. मूल बसते पण उठत नाही, तर त्याला बुटक्या चौरंगावर तळवे जमिनीला टेकतील असे बसवावे आणि आवडीचे खेळणे समोर त्याच्या छातीइतक्या उंचीवर धरावे. ते घ्यायला उठेल, पुन्हा बसेल. दहा वेळा झाले की दहा बैठका झाल्या. एक हात दुबळा असेल तर केंद्रात कधी चांगल्या हातावर मोजा चढवतात, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावेच लागते. हा उपाय परिणामकारक ठरला आहे, पण तो किती वेळ व कसा करायचा ते थेरपिस्टनेच ठरवावे.

आणि आपण मोठ्यांनी घाई आवरावी. मूल बुटात पाय घालायला तीन मिनिटे लावते, म्हणून आपण अर्ध्या मिनिटात घालून देतो. त्या दिवसाचा त्याचा धडा आपण हिसकावून घेतला, असे होते. माया करावी, पण हात थोडा मागे ठेवावा.

एक सूचना विशेष आपल्यासाठी. केंद्रात सर्व बोलणे हिब्रूत होते. पुष्कळ आजी-आजोबा अर्धे समजून मान डोलवून घरी येतात. यात लाज कसली? "पुन्हा दाखवा," असे म्हणावे. मुलाच्या आईला तो व्यायाम मोबाईलवर टिपून आणायला सांगावे. एका वेळी दोनच व्यायाम मागून घ्यावेत, ते रोज होतात. दहा दिले तर एकही होत नाही. पहिली तारीख मिळायला पुष्कळ महिने लागू शकतात, म्हणून शंका येताच नाव नोंदवावे. तारीख येईपर्यंत मूल चालू लागले तर नाव काढून टाकता येते.

शाळेच्या वयाची मुले

काही मुले वेळेवर चालतात, पण पुढे गानमध्ये अडखळतात. चेंडू झेलता येत नाही, कात्री धरता येत नाही, पेन्सिलीने बोटे लगेच दुखतात. अशांना आळशी म्हणू नये. वर्गात आम्ही पाहिले आहे की, जे मूल खुर्चीवर नीट बसू शकत नाही त्याचे अक्षर सुधारत नाही, कारण पाठ थकली की हात थकतो. अशांसाठी ऑक्युपेशनल थेरपी असते, आणि घरात आपले जुने खेळ आहेत. ठिकऱ्यांत एका पायावर तोल राहतो, लगोरीत नेम बसतो, फुगडीत दोन्ही बाजू सारख्या चालतात आणि सागरगोट्यांत डोळा व बोटे एकत्र काम करतात. स्वयंपाकघरात चार वर्षांच्या मुलाला चपातीची कणीक मळायला द्यावी, मलिद्याचे पोहे निवडायला बसवावे, लसूण सोलू द्यावी. पीठ सांडेल, ते झाडून काढता येते.

शेवटी थोडे मनाचे. कोणा घरी असे मूल असले की आपल्यात अजूनही कुजबुज होते, आणि म्हणून घरचे त्याला लग्नकार्यात आणीत नाहीत. मुलाला सर्वांत जास्त नुकसान या लपवण्याने होते. ज्याला कोणी पाहत नाही त्याला उठून पुढे जायला कारणच राहत नाही. तेव्हा त्याला घेऊन यावे, आणि बाकीच्यांनी "काय झाले याला?" असे विचारण्याऐवजी त्याच्या नावाने हाक मारावी.

वाचकहो, आज संध्याकाळी नातवंड घरी आले की सतरंजी जमिनीवर अंथरा, मोबाईल बाजूला ठेवा आणि दहा मिनिटे नुसते पाहा : दोन्ही हात सारखे चालतात का, दोन्ही पाय सारखे पडतात का, काल न जमलेले आज करून पाहते का. सर्व ठीक असेल तर देवाचे आभार माना. शंका आली तर उद्या सकाळीच फोन करा. इतके सांगून हा पाठ पुरा करतो.